वाळूतले सहा खळगे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलींना नाही, आई होती तोवर आईलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, याचं नेमकं उत्तर माझ्याजवळ नाही. नेमकं उत्तर नसलं की मी सहसा गप्प बसतो. या बाबतीत मात्र गप्प बसून बसून पंचवीस वर्षं होत आली.

मला मोजमापाची सवय आहे. टाकीत पाणी किती उरलं, सिलिंडर किती दिवस गेलं, हे घरात कुणी मला विचारायच्या आत मी सांगतो. मुली हसतात. नगरजवळ केडगावात आमच्या कॉलनीत दोन घरांचं कुंपणावरून भांडण झालं की साक्षीला मला बोलावतात. का? तर म्हणे हा माणूस बघितलं तेवढंच सांगतो, कमी नाही, जास्त नाही. मी जातो. बघितलं तेवढं सांगतो. आणि घरी येऊन पाय धुताना दर वेळी — अगदी दर वेळी — मला प्रवरेच्या पात्रातली एक जागा दिसते, आणि तिथं आबांना दिलेलं माझं उत्तर ऐकू येतं.

कुठून सुरुवात करू? नदीपासून करतो. ते सोपं आहे.

आमचं गाव प्रवरेच्या काठी, नेवाशाकडच्या अंगाला. नदीला वळण आहे, वळणाच्या पोटात डोह आणि डोहाच्या वर उंच वाळूचा पट्टा. पावसाळा सरून पाणी उतरलं, की या पट्ट्यावर डोहातल्या कासविणी अंडी घालायला चढायच्या. मोठी कासवं ती, मऊ कातडीच्या पाठीची, नाक नळीसारखं पुढं आलेलं. दिवाळीच्या आगेमागे सकाळी वाळूवर त्यांचे फरपटत गेलेले माग दिसायचे. अंडी गोल, पांढरी, लहान लिंबाएवढी. दिवाळीत घातलेली ती अंडी सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा वाळूत राहायची आणि मृगाचा पाऊस पडला की पिल्लं बाहेर यायची. इतका काळ एखादी गोष्ट जमिनीखाली जिवंत राहते, याचं मला लहानपणी फार नवल वाटे.

गावात ज्यांना डांगराच्या वाड्या करायच्या असत — डांगर म्हणजे आमच्याकडे टरबूज-खरबूज — त्यांना दसऱ्यानंतर पात्रातली वाळू वाटून दिली जाई. दोरी टाकून वाटणी व्हायची. आणि पहिली दोरी कासवांची. उंच पट्टा आधी मोजून बाजूला काढायचा, मग माणसांचे तुकडे. नंतर जिथं जिथं माग दिसेल तिथं बाभळीच्या काट्या रोवायच्या, म्हणजे कुत्री-कोल्ही उकरणार नाहीत. मी शाळेत होतो तेव्हा पंचवीस-तीस ठिकाणी काट्या लागायच्या. हा आकडा आठवणीतला आहे, तेव्हा थोडा इकडंतिकडं धरा. मॅट्रिक झालो तेव्हा दहा-बारा. कालव्यांमुळं नदीचं पाणी कमी झालं होतं, आणि डोहावर जाळी टाकणारे बाहेरचे लोक वाढले होते. दुष्काळाच्या वर्षी सात. हा आकडा मात्र पक्का.

वेल लावायला खड्डे घेताना कुणाच्या तुकड्यात चुकून अंडी लागली, तर ती पट्ट्यावर नेऊन पुरायची एक रीत होती. आमच्या घरात ती माझ्या आईकडं होती. आई वाटीत गेरू कालवून न्यायची. वाळू हातानं बाजूला सारायची, आणि अंड्याला हात लावायच्या आधी, ते जसं असेल तसंच ठेवून, त्याच्या वरच्या अंगाला बोटानं एक ठिपका लावायची. मग उचलायचं. पाटीत ओली वाळू घालून तिच्यात ठिपका वर ठेवून मांडायचं, पाटी डोक्यावर घेऊन न हिसकता चालायचं, आणि नव्या खळग्यात पुन्हा ठिपका वर. "पिल्लू वरच्या अंगाला चिकटलेलं आसतं," आई सांगायची. "उलटं केलं की आपल्याच घरात गुदमरतं." मी दहा वर्षांचा असल्यापासून तिच्याबरोबर हे केलं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. ही पळवाट आधीच बंद करून टाकतो.

बहात्तर साली पाऊस गेला. डोह डिसेंबरात कमरेएवढा आणि संक्रांतीनंतर नुसता चिखल झाला. मोठी कासवं त्या चिखलात उघडी पडली. काही मेली, काही लोकांनी रातोरात पोत्यात भरून नेली — बाहेरच्या लोकांनीच नेली असं गावात म्हणत, मी तसं खात्रीनं म्हणणार नाही. उपासमारीचे दिवस होते. कुणाकुणाला दोष देणार? राहिली ती सात खळग्यांतली अंडी.

फाल्गुनात गावच्या विहिरी आटल्या. पात्रात मोठा झिरा खणायचा ठरलं, म्हणजे वाळूत इतकं खोल जायचं की पाझर लागेल. आणि पाझर लागण्याची आशा होती ती नेमकी त्या उंच पट्ट्याखाली. गावाचा नदी-पाण्याचा कारभार आबा बघत. वयस्कर माणूस, सगळेच त्यांना आबा म्हणत. त्यांनी आईला बोलावलं, पण आई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती. एक दिवस खाडा म्हणजे दोघांची भाकरी गेली. म्हणून आबांनी ते काम मला सांगितलं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, मॅट्रिक पास, बिनकामाचा.

"दिनू, दोन दिवस घे, चार घे, पर घाई करू नको," आबा म्हणाले. "डव्हातली गेली ती गेली. आता ही अंडी म्हंजी सगळं बियानं हाय."

नवी जागा ठरली ती वरच्या अंगाला, गंगारामदादाच्या वाडीशेजारी. गंगारामदादा आमच्याहून बराच थोरला, चाळिशीचा. जमीन नाही. वर्षातून चार-पाच महिने नदी त्याला वाळू द्यायची, त्यावर त्याचं चालायचं. त्या साली सगळ्यांनी वाड्या सोडल्या, पण त्यानं थोडेसे वेल धरून ठेवले होते. आबांनी त्याच्याशी बोली केली: अंडी राख, कुत्री हाकल, आणि झिऱ्यावर गावाचं पाणी भरून झालं की उरेल ते वेलांना घाल. तो इतका खूश झाला होता — वेल जगणार होते ना.

आता त्या दिवसाचं.

सकाळी मी पहिला खळगा उघडला. नीट उघडला. एकेका अंड्याला ठिपका लावला, पाटीत मांडलं, डोक्यावर घेऊन वर चालत गेलो. वाळूत पाय रुतत होते, तरी मान हलू दिली नाही. गंगारामदादाच्या वाडीपासून सगळ्यात लांबच्या टोकाला खळगा घेतला, त्यात अंडी ठेवली, बुजवली. घाम पुसला. ऊन बरंच वर आलं होतं. आणि मला माझं काम आवडलं होतं — हेही सांगायला हवं.

परत येतो तर माझा मित्र नामदेव सायकल टेकवून उभा.

"आरं, खडीवर साहेब आलाय! मुकादम नेमायलाय. मॅट्रिक झालेला पायजे म्हन्तोय. आन तू हितं अंडी कुरवाळत बसलायस. उबवतुयस का काय?"

मी म्हटलं, उद्या येतो.

"उद्या ये की! तवर सरपंचाचा मेव्हना शिट्टी फुकत आसंल. जेवनाच्या सुट्टीपातुर साहेब हाय. बघ बाबा."

तो गेला. मी वाळूवर उभा राहिलो. मागं एक खळगा झालेला, पुढं सहा व्हायचे. तुम्ही माझ्या जागी असता तर — नको. हे वाक्य मी पुरं करत नाही. माझ्या जागी मीच होतो.

मी सरळ सांगून जाऊ शकत होतो. आबांकडं जाऊन म्हणायचं, बाकीचे उद्या करतो. झिरा एक दिवस उशिरा लागला असता. आबा रागावले असते, कदाचित रागावलेही नसते. पण गावात चर्चा झाली असती, की दिन्या गावचं काम टाकून साहेबाच्या मागं गेला. मला मुकादमीही हवी होती आणि नावही.

माझ्याकडं एक बारदान होतं. मी दुसरा खळगा दोन्ही हातांनी उकरला आणि अंडी ओंजळीनं बारदानात टाकली. तिसरा. चौथा. बारदान खांद्यावर टाकून पळालो. अंडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज ऐकू येत होता, गोट्यांसारखा. ओतली. पुन्हा खाली आलो. पाचवा, सहावा, सातवा. काही फुटली, ती वाळूत ढकलली. वरच्या पट्ट्यावर सहा खळगे ओळीनं घेतले, गंगारामदादाच्या वेलांच्या बाजूला सरकत सरकत, कारण तिकडची वाळू उकरायला मऊ होती. कुठली अंडी कुठल्या खळग्यातली, हेही मला राहिलं नाही.

इथपर्यंत झालं ती घाई होती. घाईत माणूस चुकतो, असं म्हणता येतं.

पण बुजवायच्या आधी मला गेरूची वाटी दिसली.

आणि मग मी बसलो. शांतपणे बसलो. एक थर खळग्यात लावायचा, प्रत्येक अंड्याच्या वर बोटानं ठिपका, त्यावर वाळू, मग दुसरा थर, पुन्हा ठिपके. कुणी उद्या उघडून पाहिलंच तर खालच्या अंड्यावरही ठिपका दिसला पाहिजे, एवढा विचार मी केला होता. सहाही खळगे. ते ठिपके लावायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात निदान दोन खळगे रीतीनं हलवून झाले असते — हा हिशेब मी नंतर किती वेळा केलाय. तेव्हा केला नाही. तेव्हा मला अंडी जगवायची नव्हती. ती नीट नेल्यासारखी दिसायला हवी होती.

मुकादमी मिळाली. साहेबांनी माझं अक्षर बघितलं आणि होकार दिला. आजची माझी नोकरी, केडगावचं घर, मुलींची शिक्षणं, सगळ्याचा पाया त्या दुपारचा आहे.

तीन महिने गंगारामदादानं ती जागा राखली. मी खडीवरून परतताना तो दिसायचा — डोक्याला फडकं, हातात काठी. एकदा मला हाक मारून त्यानं काट्या दाखवल्या. दुहेरी रोवल्या होत्या, मुंगूस येतंय म्हणून. "तुमी मांडलीत, आमी राखतो," म्हणाला. वेलांना पाणी घालताना मी त्याला पाहिलं आहे. घागरीतून वाटीत, वाटीतून वेलाच्या बुंध्याशी. वाटी रिकामी झाली की तिची ओल बोटानं पुसून पानाला लावायचा.

हे लक्षात ठेवा. पुढं मी हे सांगायला हवं होतं.

मृगात पाऊस आला. चार-सहा दिवसांनी गंगारामदादा गावात ओरडत आला, "आली! भाईर आली!" आम्ही सगळे पळालो. टोकाच्या खळग्यातून पिल्लं निघत होती, जुन्या रुपयाएवढी, ओल्या वाळूवरून डोहाकडं तुरुतुरु. बाया हात जोडत होत्या. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या वर्षी गावात इतर आनंदाचं असं काही घडलंच नव्हतं. मीही हसत होतो. आणि तो खळगा पहिला होता. ठिपका लावून, डोक्यावरून नेलेला.

म्हणजे दुष्काळाचा दोष नव्हता. उन्हाचा नव्हता, नव्या जागेचा नव्हता. त्याच नदीची अंडी, तीच वाळू, तोच उन्हाळा. एका खळग्यानं मला सगळ्या सबबींतून बाद केलं.

तरी मी वाट बघत होतो. विश्वास बसेल का तुमचा? रोज कामावर जाताना वाकडी वाट करून बघून यायचो. निघतील. निदान एखाद्यातली निघतील. दहा दिवस गेले, पंधरा गेले. मग मुंग्यांच्या रांगा लागल्या आणि वास सुटला.

आबांनी खळगे उघडायला सांगितले. आईनं उघडले. वीस-पंचवीस माणसं भोवती. पहिलं अंडं आईनं हातात घेतलं. काळपट पडलेलं, वर फिका लाल ठिपका. तिनं त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. वाळूचे कण ठिपक्याच्या खाली चिकटलेले होते. स्वच्छ अंड्यावर लावलेला ठिपका तसा नसतो. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि अंडं खाली ठेवलं. तिला कळलं का? मला माहीत नाही. तिनं मरेपर्यंत विचारलं नाही.

आबांनी विचारलं. सगळ्यांसमोर, पण संशयानं नव्हे. खातं पुरं करावं तसं.

"दिनू, ठिपकं उचलायच्या आदीच लावलं हुतं नव्हं?"

"व्हय, आबा."

एवढंच. दोन शब्द. मी बघितलं तेवढंच सांगणारा माणूस.

मग माझे चुलते पुढं झाले. "ठिपकं वर हायेत, म्हंजी मांडनी बराबर. मंग ही कुजली कशानं? बघा की, लांबचा खळगा कोरडा ऱ्हायला तो वाचला. वेलाजवळचं सम्दं गेलं. पानी मुरलं, दुसरं काय?"

सगळे गंगारामदादाकडं वळले.

किती बिनतोड वाटलं ते! मला स्वतःला क्षणभर खरं वाटलं. पण त्या उन्हाळ्यात कुणाकडं इतकं पाणी होतं, की ते वाळूतून आडवं झिरपत जाऊन सहा खळगे नासवील? जिथं बाया घागरीसाठी झिंज्या धरत होत्या, तिथं? हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही. मला तो तिथंच, त्याच वेळी सुचला होता. वाटीनं घातलेलं पाणी मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी पायाखालची वाळू बघत राहिलो.

"मी वाटीवाटीनंच घालत हुतो, आबा," गंगारामदादा म्हणाला. "आईच्यान."

"वाटीनं कुजत्यात व्हय अंडी?" चुलते म्हणाले. "का डांगरं गोड लागली जास्त?"

कुणीतरी हसलं.

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या. तो विचार करू लागला. खरंच, डोकं खाली घालून आठवू लागला. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. आणि मग हळूच म्हणाला, "एकदा… एकदा घागर कलंडली हुती. पोरगी पडली हुती ठेच लागून. हिकडंच, ह्या अंगाला." आणि मग, "मंग तेच आसंल. माझ्याच घरनं झालं."

त्याची मुलगी तिथंच आईच्या पदराला धरून उभी होती. दहा-अकरा वर्षांची. तिचं तोंड मी अजून विसरलेलो नाही. माझ्या मुली त्या वयाच्या झाल्या तेव्हा मला घरात त्यांच्याकडं बघवायचं नाही, आणि बायको विचारायची, काय झालं?

एका खऱ्या माणसानं खोटा ठिपका खरा धरला आणि स्वतःत दोष शोधला. सापडेपर्यंत शोधला. मी त्याला थांबवलं नाही.

दसऱ्यानंतर वाळू वाटायला सगळे जमले. दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं. आता मी मुकादम, मापाचं काम माझ्याकडं आलं होतं. कुणीतरी विचारलं, आधी कासवांची टाकायची का? आबा म्हणाले, "कुनासाठी आता?" दोरी पुढं सरकली. गंगारामदादा मागं उभा होता. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. त्यानंही विचारलं नाही. वाटणी संपेपर्यंत मात्र थांबला होता. पुढच्या आठवड्यात तो बायको-मुलीला घेऊन साखर कारखान्याकडं ऊसतोडीला गेला.

कासवं संपली याला मी एकटा कारण, असं म्हटलं तर तीही एक फुशारकीच होईल. पुढं वाळूचे ट्रक आले, डोह बुजला, नदी बारमाही राहिली नाही. दुष्काळानंतर तीन-चार वर्षं कधी एक, कधी दोन माग दिसले, मग तेही थांबले. सहा खळगे जगले असते तरी आज तिथं काय असतं, मी सांगू शकत नाही. माझा वाटा किती, हे ठरवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. कधी अर्धा येतो, कधी त्याहून कमी. पण गंगारामदादाच्या बाबतीत वाटेकरी नाहीत. ते पुरं माझं.

आणि हे सगळं इथंच थांबलं असतं तरी —

आठ-नऊ वर्षांनी घोडेगावच्या बाजारात तो मला भेटला. मी एका पाहुण्याला म्हैस बघायला घेऊन गेलो होतो. एका व्यापाऱ्याच्या बैलांचे कासरे धरून गंगारामदादा उभा होता. वाळला होता, दात गेले होते. त्यानंच मला ओळखलं. "साहेब झालात की वो, दिनूभाऊ!" म्हणाला, आणि खरोखर आनंदानं माझा हात धरला. मुलीचं लग्न करून दिलं होतं, जामखेडकडं. मग आवाज उतरवून त्यानं विचारलं,

"येत्यात का वो आता? वर?"

मला कळलं तो काय विचारतोय. त्याच्या विचारण्यावरून हेही कळलं, की एवढी वर्षं तो रोज हे विचारत आलाय — स्वतःला. माझ्यापाशी त्या वेळी खरं सांगायला सगळं होतं. गर्दी होती, पण आमच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आबा वारले होते. मुकादमी आता कुणी काढून घेणार नव्हतं. त्याच्यापुढं तोंड उघडण्यात माझं काय जाणार होतं? त्याच्या डोळ्यांतलं माझं मोल — तेवढंच. तेही मला सोडवेना.

मी म्हटलं, "येतात की. पाच-सहा तरी."

तो कासरे धरलेल्या हातांनीच मला नमस्कार करू लागला. "मंग माफ केलं म्हनायचं," म्हणाला. "केलं बघा नदीनं माफ." बैल ओढत होते आणि तो हसत होता.

मी म्हैस न बघताच पाहुण्याला घेऊन निघालो.

पुढच्या जून महिन्यात, पाऊस पडून दोन-चार दिवस झाल्यावर, मी आईला भेटायला गावाकडं चाललो होतो. पुलावर आलो आणि खाली पात्रात एक माणूस दिसला. वरच्या पट्ट्यावर, जिथं तेव्हा निम्मी वाळू उरली होती, तिथं उकिडवा बसलेला. डोक्याला फडकं. समोरच्या वाळूकडं बघत. कितीतरी वेळ तो हलला नाही, आणि पुलाच्या कठड्याशी मीही हललो नाही. खाली उतरायला फार तर पाच मिनिटं लागली असती.

मी फटफटी वळवली आणि नगरला परत आलो. बायकोला सांगितलं, रस्ता खराब होता.

दिवाळीला गेलो तेव्हा आईनं सांगितलं. भाकरी थापत होती, माझ्याकडं बघत नव्हती. गंगाराम आल्ता म्हणाली, पावसाच्या टायमाला. दिवसभर नदीत बसून हुता. दिवेलागणीला पाणी प्यायला दारात आला. मी म्हनलं, काय दिसलं का रं? तर म्हनला,

"न्हाई, काकू. दिनूभाऊ म्हनले येत्यात म्हनून. मीच उशिरा आलो आसंल."

तो उशिरा आला नव्हता.